मांडीवरचा कीबोर्ड : वायरलेस कीबोर्डांबद्दल एका दस्त-टायपिस्टचं मत

माझं काम दस्त टाइप करण्याचं. खरेदीखत, साठेखत, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, भाडेकरार. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका वकिलांच्या ऑफिसात बसते. सकाळी साडेदहाला हात कीबोर्डवर पडतो तो संध्याकाळी सहापर्यंत. टायपिंग शिकले १९९६ साली, हाताच्या मशीनवर. मराठी मिनिटाला तीस शब्द आणि चाळीस शब्द, दोन्ही परीक्षा दिल्या. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा बोटांत बसलेली टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी सोडून इनस्क्रिप्ट ही कॉम्प्युटरवरची मराठी मांडणी शिकले. त्याला चार महिने गेले, पण तेव्हापासून मराठीसाठी दुसरं काही वापरलेलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढे जे मत मांडणार आहे ते सगळं दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करणाऱ्या बाईचं आहे. ईमेल आणि एक्सेल एवढंच काम असेल त्याचं मत वेगळं होऊ शकतं.

वायरलेसकडे मी हौसेनं गेले नाही. २०१४ मध्ये उजवा खांदा धरला. फिजिओथेरपिस्टबाईंनी ऑफिसचं टेबल बघितलं नव्हतं, तरी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "टेबल उंच असणार तुमचं. कोपर टेकल्यावर बोटं जिथे येतात तिथे कीबोर्ड हवा." आमचं टेबल सागवानी, वकीलसाहेबांच्या वडिलांच्या काळातलं, ते कापणार कोण? मग कीबोर्ड मांडीवर घेतला. खाली एक पातळ लाकडी पाट. खांद्याला पंधरा दिवसांत फरक पडला, पण वायर पुरेना. जरा पाय हलवला की ती ताणायची, टेबलावरचे स्टॅम्प पेपर सरकवायची, एकदा चहाचा कप घेऊन खाली आली. म्हणून वायरलेस.

दुकानात गेले तेव्हा मला वाटलं होतं वायरलेस म्हणजे वायरलेस. त्यात प्रकार असतात, आणि ते एकाच गोष्टीचे नसून तीन वेगवेगळ्या गोष्टींचे असतात, हे कळायला मला तीन कीबोर्ड विकत घ्यावे लागले. कीबोर्ड कॉम्प्युटरशी बोलतो कसा, ही एक गोष्ट. बटणाखाली काय आहे, ही दुसरी. आणि बटणांची मांडणी किती आणि कशी आहे, ही तिसरी. दुकानदार पहिलीबद्दल बोलतो, जाहिरात दुसरीबद्दल. तिसरीबद्दल कोणी बोलत नाही, आणि मराठी टाइप करणाऱ्याला सगळ्यात जास्त तीच नडते.

पहिला घेतला तो माउससकट साडेसातशे रुपयांचा सेट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष सगळा कीबोर्डचा नव्हता. सेटबरोबर नखाएवढं डोंगल आलं, म्हणजे कीबोर्डचं बोलणं ऐकणारा, यूएसबी खाचेत लावायचा तुकडा. कॉम्प्युटरला लावलं की लगेच चालू. ना पासवर्ड, ना जोडणी. दोन महिने छान गेले. मग अक्षरं गळायला लागली.

इंग्रजीत अक्षर गळलं की शब्दाखाली लाल रेघ येते आणि डोळ्याला खटकतं. मराठीत तसं होतंच असं नाही. 'भांडे'मधला अनुस्वार गळला की 'भाडे' होतं, आणि तोही शब्द बरोबरच असतो. 'माळ'चा काना गेला की 'मळ'. 'शब्द'चा पाय गेला की 'शबद', हे निदान दिसतं तरी. आकड्यांचं तर विचारूच नका. एका वाटणीपत्रात गट नंबर ११४७ चा १४७ झाला. दुसऱ्या वाचनात सापडला, कारण मी सातबारा शेजारी ठेवून बोट फिरवत वाचते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गट नंबर चुकला म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी जमिनीचा दस्त झाला असता.

सेल बदलले. मग कीबोर्ड उपडा करून झटकला, स्पिरिटनं पुसला. काही फरक नाही. शेवटी लक्षात आलं की गळती रोज होत नाही, शनिवारीच होते. शनिवारी मी आठवड्याच्या दस्तांचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते, आणि ती डिस्क डोंगलच्या शेजारच्या निळ्या यूएसबी खाचेत लावलेली असते. बॅकअप चालू असताना टाइप केलं की अक्षरं गळतात, डिस्क काढली की थांबतात.

याचं कारण नंतर समजलं, आणि ते प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं. हे डोंगलवाले कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात बोलतात. हा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा आहे, म्हणून वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस, सगळ्यांची गर्दी तिथेच. त्यात यूएसबी ३.० ची खाच, म्हणजे ती निळी, जोरात डेटा पाठवायला लागली की नेमकी याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करते. इंटेलनं २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. उपाय अगदी साधा: डोंगल निळ्या खाचेपासून लांब लावायचं, आणि शक्य असेल तर हातभर यूएसबी एक्स्टेन्शनवर घेऊन टेबलावर, कीबोर्डच्या नजरेसमोर आणून ठेवायचं. आमचा सीपीयू खाली, पत्र्याच्या फाइल कपाटाला टेकून असतो. त्याच्या पाठीमागे डोंगल म्हणजे लोखंडाच्या आडून बोलायला लावणं. शंभर-दीडशे रुपयांच्या एक्स्टेन्शननं माझी गळती बंद झाली. ज्यांना ज्यांना 'वायरलेस कीबोर्ड अडखळतो' असं वाटतं त्यांनी नवा घेण्याआधी हे करून बघा.

तो सेट मग दोन वर्षं चालला. गेला तो डोंगल हरवल्यामुळे. ऑफिस रंगवायला काढलं, सामान हलवलं, आणि ते नखाएवढं प्लास्टिक कुठल्या तरी केरात गेलं. कीबोर्ड धडधाकट, पण मुका. स्वस्त सेटचं डोंगल त्या एकाच कीबोर्डसाठी जन्मलेलं असतं, सुटं मिळत नाही. इथे लॉजिटेक कंपनीची पद्धत मला आवडते. त्यांनी २००९ मध्ये युनिफाइंग रिसीव्हर आणला: एकाच डोंगलवर सहा उपकरणं, आणि हरवलं तर दुसरं युनिफाइंग घेऊन पुन्हा जोडता येतं. २०२१ पासून नवीन मॉडेलांमध्ये त्यांचं बोल्ट नावाचं डोंगल येतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, युनिफाइंगचा कीबोर्ड बोल्टच्या डोंगलला जोडला जात नाही आणि उलटही नाही. डोंगलवर बारीक चिन्ह असतं, ते बघून घ्यायचं. सध्या माझ्या मांडीवर लॉजिटेकचा के-२७० आहे, युनिफाइंगवाला. पूर्ण आकाराचा, आकड्यांच्या पॅडसकट. दिसायला काही विशेष नाही. पण सहाव्या वर्षात आहे आणि 'क' दाबला की 'क'च येतो.

ब्लूटूथचा अनुभव वेगळा. कोविडच्या काळात घरून काम करायची वेळ आली तेव्हा भाच्यानं लॉजिटेकचा के-३८० आणून दिला. गोल गोल बटणं, पर्समध्ये मावेल एवढा, डोंगल नाही. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ असतंच, त्यामुळे खाच अडत नाही, हरवायला काही नाही. वरच्या ओळीत तीन बटणं आहेत, त्यांवर तीन उपकरणं ठरवून ठेवायची. एक दाबलं की लॅपटॉप, दुसरं दाबलं की टॅब, तिसरं दाबलं की फोन. घरच्या लहान टेबलावर, ओट्याशेजारी बसून, मी यावर दीड वर्ष दस्त केले.

मात्र ब्लूटूथ कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा घ्या, त्याची झोप समजून घ्यावी लागते. सेल वाचवायला तो काही मिनिटं हात लागला नाही की झोपतो, आणि उठताना पुन्हा कॉम्प्युटरशी नातं जोडतो. ते जोडेपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. डोंगलवालाही झोपतो, पण उठताना इतका वेळ घेत नाही. आता माझं काम कसं असतं बघा. पक्षकार समोर बसलेले असतात. मध्येच दोघे भाऊ विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलायला लागतात. मी थांबते, ऐकते. ते ऐकणंही माझ्या कामाचा भाग आहे. दहा मिनिटांनी वकीलसाहेब म्हणतात, "हं, घ्या लिहून." मी टाइप करते 'लिहून देणार', आणि पडद्यावर येतं 'हून देणार'. म्हणून एक सवय लावून घेतली. थांबल्यानंतर पहिलं बटण शिफ्टचं दाबायचं, एक श्वास घ्यायचा, मग सुरुवात. शिफ्टनं पडद्यावर काही उमटत नाही, कीबोर्ड मात्र जागा होतो.

ब्लूटूथची दुसरी अडचण कळली ती लाइट गेल्यावर. कॉम्प्युटर अर्ध्यात बंद पडला, पुन्हा चालू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत प्रश्न विचारून थांबला: अमुक बटण दाबा. मी दाबत राहिले, तो ढिम्म. विंडोज सुरू होण्याआधीच्या त्या पडद्यांवर बहुतेक कॉम्प्युटरांना ब्लूटूथ कळत नाही, कारण ब्लूटूथ चालवणारी यंत्रणा अजून जागी झालेली नसते. डोंगलवाला कीबोर्ड तिथे चालतो, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो साधा यूएसबी कीबोर्डच असतो. ऑफिसच्या कपाटात मी एक जुना वायरवाला कीबोर्ड कायम ठेवते, तो याचसाठी. तुम्हीही ठेवा.

आमच्या कामात आणखी एक गोष्ट येते जिचा विचार लोक करत नाहीत. दिवसभरात मी किती जणांचे आधार नंबर, पॅन नंबर, खाते नंबर टाइप करते! वायर नाही म्हणजे ते सगळं हवेतून जातं. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या अमेरिकन सुरक्षा कंपनीनं बारा कंपन्यांचे डोंगलवाले स्वस्त कीबोर्ड तपासले, त्यांतल्या आठ कंपन्यांचे कीबोर्ड प्रत्येक अक्षर जसंच्या तसं, कुलूप न लावता हवेत सोडत होते. अडीचशे फुटांवरून साध्या उपकरणानं ते वाचता येत होतं. त्या कीबोर्डांना नंतर दुरुस्तीचं सॉफ्टवेअरही देता येत नव्हतं. तेव्हापासून मी खोक्यावर 'एईएस १२८ बिट एन्क्रिप्शन' हे शब्द शोधते, म्हणजे अक्षरं कुलूप लावून पाठवायची सोय. नसतील तर तो कीबोर्ड घरी टीव्हीला लावायला ठीक, लोकांचे कागद करायला नको. ब्लूटूथ कीबोर्ड त्या यादीत नव्हते.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येते, मांडणीकडे. इथे जरा सावकाश.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे. ही मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात आहे आणि विंडोजमध्ये आयती मिळते. कीबोर्डवर देवनागरी छापलेलं असण्याची गरज नाही. कीबोर्ड फक्त 'अमुक जागचं बटण दाबलं' एवढंच कळवतो, अक्षर कॉम्प्युटर तयार करतो. त्यामुळे 'मराठी चालेल का?' या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही कीबोर्डसाठी 'चालेल' असंच आहे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बटणं त्यांच्या जागी आणि त्यांच्या मापाची आहेत का?

उजव्या करंगळीकडे काय काय येतं ते बघा. पी-वर ज, त्याशेजारच्या चौकटी कंसावर ड, अर्धविरामाच्या बटणावर च, अवतरणचिन्हावर ट, तिरक्या रेघेवर य, उलट्या तिरक्या रेघेवर 'ऑफिस'मधला तो ऑ. इंग्रजी टाइप करणाऱ्याला ही बटणं विरामचिन्हांची, कधीमधी लागणारी. म्हणून कीबोर्ड लहान करायचा झाला की कंपन्या पहिली कात्री इथेच लावतात. बटणं अर्धी करतात, नाहीतर दुसऱ्या ओळीत ढकलतात. आणि आमच्या दस्तात 'यांनी', 'यांस', 'येणेप्रमाणे', 'चतुःसीमा', 'जमीन', 'वाटप', 'ठरले' या शब्दांशिवाय एक परिच्छेद होत नाही. मी एक घडीचा कीबोर्ड घेतला होता, प्रवासात न्यायला. त्यात 'य'चं बटण तांदळाएवढं. 'यांनी' लिहायला प्रत्येक वेळी मान खाली घालून बघावं लागायचं. आठ दिवसांत परत खोक्यात ठेवला.

त्याहून महत्त्वाचा उजवा शिफ्ट. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे सगळे पूर्ण स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्ट धरून येतात, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीनं धरायचा. मराठीत 'आहे' किती वेळा येतं, मोजा. 'आणि' मोजा. अनेक आटोपशीर कीबोर्डांमध्ये बाणांची बटणं कोंबायला उजवा शिफ्ट अर्धा करतात आणि त्याच्या शेजारी वर जाणारा बाण बसवतात. करंगळी शिफ्टसाठी जाते, बाणावर पडते. कर्सर गुपचूप वरच्या ओळीत जातो आणि तिथे 'आहे'च्या ऐवजी नुसता काना आणि 'हे' बसतं. वरच्या ओळीतल्या एखाद्या बिचाऱ्या शब्दाला शेपूट फुटतं, आणि आपण खालीच बघत असतो. अशी शेपटं मी एका चौदा पानी वाटणीपत्रातून अकरा काढली आहेत. फोटोत कीबोर्ड बघताना आता माझी नजर आधी उजव्या खालच्या कोपऱ्यावर जाते. शिफ्ट दोन बटणांएवढा लांब हवा, आणि बाण त्याच्या खाली किंवा बाहेर हवेत.

आकड्यांच्या पॅडबद्दल माझं मत ठाम आहे. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पोटखराबा वेगळा, आकार रुपये-पैशात, मोबदल्याची रक्कम, चेक नंबर, आधार. ज्याला आकडे टाइप करायचे आहेत त्यानं पॅडशिवायचा कीबोर्ड घेऊ नये. पाचवर उंचवटा असतो, बोट आपोआप घरी येतं. वरच्या ओळीतल्या आकड्यांवर शिफ्ट धरला की इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ, त्र, क्ष, श्र येतात. तिथे आकड्यांची घाई केली की रकमेत 'क्ष' घुसतो. पॅड वेगळा असला की हा गोंधळ मिटतो. खांदेदुखीवाल्यांना मात्र हेही सांगायला हवं की पॅडमुळे माउस आणखी उजवीकडे सरकतो आणि हात लांब पसरावा लागतो. मी माउस डाव्या हाताला घेतला. महिनाभर अवघड गेलं, आता उजव्या हातात माउस धरवत नाही.

बटणाखाली काय असतं, हे मला उशिरा कळलं. स्वस्त ते मध्यम किमतीच्या कीबोर्डांत रबराचा एकसंध पत्रा असतो, प्रत्येक बटणाखाली त्याची एक टोपी. टोपी पूर्ण दबली की अक्षर उमटतं, त्यामुळे बटण तळापर्यंत न्यावंच लागतं. माझा के-२७० असाच आहे. मऊ आणि शांत. टाइपरायटरवर शिकलेल्या बोटांना तळ गाठायची सवय आहेच, त्यामुळे मला जड जात नाही. लॅपटॉपसारख्या चपट्या कीबोर्डांत टोपीच्या दोन्ही बाजूंना कात्रीसारखे दांडे असतात, त्यामुळे बटण कडेला दाबलं तरी सरळ खाली जातं, आणि जायचंही थोडंच असतं. के-३८० त्यातला. वेग चांगला येतो, पण तासन् तास बसलं की बोटांची टोकं दुखतात, कारण बटण लगेच तळाला लागतं आणि धक्का बोटातच राहतो.

तिसरा मेकॅनिकल. प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा स्विच. साधारण अर्ध्या वाटेवरच अक्षर उमटतं, तळ गाठायची गरज नाही. टायपिंगच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना टीव्हीएस गोल्ड आठवेल, वायरवाला; आमच्या पिढीनं कित्येक ऑफिसांत त्याचा खडखडाट ऐकला आहे. वायरलेसमध्ये हा सुख देणारा प्रकार अलीकडे सोपेपणी मिळायला लागला. भाच्याकडे पुण्यात कीक्रॉनचा के-८ आहे. सत्त्याऐंशी बटणांचा, ब्लूटूथवर तीन उपकरणं, ब्लूटूथ नको तेव्हा केबल लावूनही चालतो. दिवाळीत आठ दिवस त्यांच्याकडे होते, एका नातेवाइकांचं मृत्युपत्र त्यावरच केलं. पहिल्या दिवशी सगळीकडे दोन-दोन अक्षरं आली, कारण माझा हात जड आणि बटण हलकं. तिसऱ्या दिवशी बोटांना अर्ध्या वाटेवरून परतायला जमलं, आणि मग काय सांगू, तीन तास बसूनही मनगट शांत. उजवा शिफ्ट पूर्ण लांबीचा, बाण बाजूला. मन अगदी गुंतलं होतं माझं. पण दोन कारणांनी घेतला नाही: आकड्यांचं पॅड नाही, आणि तो मांडीवर ठेवायला जड आणि उंच. मनगटाखाली आधार लागतो, तो पाटावर बसत नाही. ज्याचं टेबल योग्य उंचीचं आहे आणि काम लांबलचक लिखाणाचं आहे, त्यानं पैसे साठवून मेकॅनिकलच घ्यावा. मात्र स्विचचा रंग विचारून घ्या. लाल सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये हलका खटका देतो, निळा खटक्याबरोबर मोठा टकटकाट करतो. पक्षकार समोर बसून घरच्या गोष्टी बोलत असतील तिथे निळा नको. माणसं आवाजाकडे बघतात आणि बोलायचं राहतात.

सेलबद्दल थोडंसं. के-२७० आणि के-३८० दोन्हींना रिमोटमध्ये घालतो ते बारीक सेल दोन लागतात. खोक्यावर दोन वर्षं लिहिलेलं असतं. माझ्या दिवसाला सात तासांच्या मारामारीत चौदा-पंधरा महिने येतात, आणि तेवढं मला पुष्कळ आहे. सेल घातल्याची तारीख मी कीबोर्डच्या पोटावर चिकटपट्टीवर लिहिते. वर्ष उलटलं की नवे सेल खणात आणून ठेवते. मेलेले सेल आत तसेच राहू देऊ नका. माझ्या मैत्रिणीचा कीबोर्ड त्यातून गळलेल्या खारानं गेला. चार्जिंगवाले कीबोर्ड सोयीचे, विशेषतः बटणाखाली उजेड असणारे. फक्त विकत घेताना विचारा की केबल लावल्यावर तो केबलवरून टाइपही करतो की केबल नुसती चार्जिंगला आहे. दोन्ही प्रकारचे असतात.

टचपॅडवाले सोफ्यावर बसून टीव्ही चालवायला बरे, दस्ताला नाहीत. मधून दुभंगलेले, खांद्याला आराम देणारे कीबोर्डही येतात. मी एकदाच दुकानात हात ठेवून बघितला, तेवढ्यावर मत देणार नाही. एफ-वाल्या बटणांची एक गोष्ट मात्र बघून घ्या. काहींमध्ये एफ-सात दाबलं की शुद्धलेखन तपासणीऐवजी गाणं सुरू होतं. ते उलटं करायची सोय आहे का, हे आधी विचारायचं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवी मुलगी लागली. कराडची, इनस्क्रिप्ट तिला चांगलं येतं. वकीलसाहेब म्हणाले, तिच्यासाठी तुम्हीच जाऊन कीबोर्ड आणा. मी तिलाच घेऊन गेले. दुकानदाराला म्हटलं, खोकी फोडलेले नमुने असतील ते ठेवा पुढे, आणि लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट चालू करा. त्यानं चार मांडले. मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि प्रत्येकावर एकच वाक्य टाइप करायला लावलं: 'सदर मिळकतीची चतुःसीमा येणेप्रमाणे आहे.' त्यात करंगळीचा च आहे, वरच्या ओळीच्या टोकाचा विसर्ग आहे, शिफ्टचा ळ आणि ण आहेत, तिरक्या रेघेचा य आहे, आणि शेवटी उजव्या शिफ्टचा आ.

पहिल्यावर विसर्गाच्या जागी आकडा आला. दुसरा सगळ्यात देखणा, पांढरा, त्यावर 'आहे' वरच्या ओळीत जाऊन बसलं. तिसऱ्यावर वाक्य बरोबर आलं, पण आकड्यांचं पॅड नव्हतं. चौथा काळा, डोंगलवाला, खोक्यावर एन्क्रिप्शन लिहिलेला. तिनं वाक्य टाइप केलं, डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं आणि न विचारता तेच वाक्य आणखी दोनदा टाइप केलं.

"मॅडम, हाच," म्हणाली.

डोंगलसाठी एक्स्टेन्शन मी तिथेच घेतलं. कीबोर्डच्या पोटावर तारीख तिनं स्वतः लिहिली.